सायकलस्वाराचे डोळे

आश्विन लागून पाऊस ओसरला, कीं ठाण्यांत घोडबंदर मार्गावर आणि कल्याणहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिखलाची धूळ होते. आणि एका हातानें डोळा चोळीत चाललेला सायकलस्वार जागोजाग दिसूं लागतो. त्या क्षणीं त्याचा एक हात हँडलवर नसतो व एक डोळा रस्त्यावर नसतो. मागून डंपर येत असतो.

दोष तो बहुधा सातविणीला देतो, कारण तिचा उग्र वास त्याच दिवसांत दरवळतो. परंतु डोळ्यांना छळणारे पराग बहुतेक वाऱ्यावर उडणारे असतात, आणि ते देणारीं फुलें नजरेंत भरण्यासारखीं नसतात. पावसाळ्याअखेर तुरे धरणारें गवत, पडीक जागेंत माजणारें गाजरगवत आणि हिवाळा सरतां सरतां फुलणारा वावळ हे खरे अपराधी. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनीं स्वतःवरच प्रयोग करून गवताच्या परागांचा हा गुण १८७३ सालच्या ग्रंथांत दाखवून दिला.

सायकलस्वाराची अडचण अशी कीं, तो स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो. ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या डोळ्यांवर, झाडाचें पान हालत नसतांहि, सेकंदास ४ मीटरांहून अधिक वेगानें हवा आदळते. अश्रूंचा थर सुकतो, आणि आंत शिरलेले रजःकण धुऊन निघत नाहींत.

डोळ्यांची तक्रार नीट ऐकावी. दोन्ही डोळे खाजत असतील व शिंकाहि येत असतील, तर ती बहुधा ॲलर्जी. खाज नसून नुसती जळजळ असेल, तर धूर किंवा रासायनिक वाफ. २०१४ सालीं हिरवा पाऊस आणि २०२० सालीं गुलाबी रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीकरांना हें निराळें सांगावयास नको. तेथें औषधापेक्षां रस्ता बदलणें बरें. एकच डोळा खुपत असेल, तर कण गेला आहे: सायकल कडेला उभी करून स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा, आणि कण निघेना तर रुमालाच्या टोकानें खेळ न करतां नेत्रवैद्य गांठावा. चोळणें तिन्ही प्रकारांत वाईट. ॲलर्जीनें वर्षानुवर्षें डोळे चोळणाऱ्या मुलांत बुबुळावरील पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढें येण्याचा धोका असतो.

याहून मोठें भय औषधाच्या दुकानांतून परस्पर आणलेल्या थेंबांचें. त्यांपैकीं कांहींत स्टेरॉइड असतें. लाली झटपट जाते, म्हणून बाटलीमागून बाटली येते. इकडे डोळ्यांतील दाब निमूटपणें वाढत राहतो, आणि काचबिंदूनें कडेची नजर गेली तर ती परत मिळत नाहीं. रहदारींत सायकल चालविणाऱ्यास तर कडेचीच नजर हवी.

चेहऱ्याशीं चिकटून बसणारा, बाजूंनीं वळलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा पुरे. मात्र संध्याकाळीं तो रंगहीन असावा. घरीं परतल्यावर तोंड धुवावें, आणि खाज असेल तर मिटल्या डोळ्यांवर थंड पाण्याची घडी ठेवावी. चष्मा कोरडा पुसूं नये, आधीं नळाखालीं धरावा; नाहीं तर धुळीनेंच भिंगांवर ओरखडे पडतात, व तिन्हीसांजेस समोरून येणारा दिवा त्यांत फुटून पसरतो.