राब एकीकडे, आवणी दुसरीकडे

लोकसभा आली की कर्जत-खालापुरात एकच प्रश्न ऐकू येतो: दिल्लीत कोण बसणार? आपल्या गावातल्या पक्षाचं पुढे काय होणार, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

इथल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायच्या, हीच आवणी. राब एकीकडे, पीक दुसरीकडे. लोकसभा ही पक्षांची आवणीच आहे.

शेतकरी कामगार पक्षाचं, म्हणजे शेकापचंच पाहा. १९५०च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारलेला हा पक्ष. खालापूर जुन्या कुलाबा मतदारसंघात होतं, तेव्हा १९९८ आणि १९९९मध्ये रामशेठ ठाकूर याच पक्षाचे खासदार झाले. पुढे पुनर्रचनेत कर्जत-खालापूर बोरघाटावरच्या पिंपरी-चिंचवडशी जोडलं गेलं आणि मावळ मतदारसंघ झाला. २००९मध्ये शेकाप शिवसेनेबरोबर, २०१४मध्ये लक्ष्मण जगतापांमागे, २०१९मध्ये पार्थ पवारांसाठी राष्ट्रवादीबरोबर. दर पाच वर्षांनी नवा सोयरा! गावातल्या कार्यकर्त्याने मतं मागायची तरी कुठल्या तोंडाने?

कर्जतमधून महेंद्र थोरवे २०१४मध्ये शेकापकडून विधानसभेला उभे होते; सुरेश लाड यांच्याकडून अवघ्या १,९०० मतांनी हरले. २०१९ उजाडेपर्यंत ते शिवसेनेत होते. मे महिन्यात शिवसेनेचे श्रीरंग बारणे मावळातून दोन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले, ऑक्टोबरात थोरवे आमदार झाले. रोप शेकापच्या राबातलं, पीक सेनेच्या खाचरात.

देशाच्या निवडणुकीनंतर पक्षाचंच रूप बदलतं, हे कर्जतपुरतंच नाही. पोलंडमध्ये जून १९८९च्या निवडणुकीत कम्युनिस्टांचा धुव्वा उडाला आणि जानेवारी १९९०मध्ये त्या पक्षाने स्वतःचं विसर्जन केलं.

पुन्हा सांगायला हवं, कारण निकालाच्या गुलालात हेच विसरलं जातं: खासदार कोण झाला याइतकंच, त्यानंतरच्या सहा महिन्यांत कोणता कार्यकर्ता कुठे गेला हेही पाहावं. २०२४मध्ये बारणे शिंदेंच्या शिवसेनेकडून पुन्हा जिंकले. त्या वेळी महायुतीत असलेल्या राष्ट्रवादीचे सुधाकर घारे नोव्हेंबरात थोरवेंविरुद्ध अपक्ष उभे राहिले आणि सहा हजारांपेक्षा कमी मतांनी हरले.

शेकापचे जुने मतदार त्या निवडणुकीत कोणाकडे गेले, हा खरा विषय. त्याला आणखी दहा मिनिटं हवी होती. तोवर श्रोत्यांनी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांना एवढं विचारावं, त्यांनी शेकापच्या खटारा चिन्हावर शेवटचा शिक्का कधी मारला?