घरदुरुस्तीचे कंत्राट व घरमालकाचे हक्क
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मजकडे सोपविलेला विषय रुक्ष खरा. परंतु ज्याच्या घराची गच्ची पावसाळ्यात गळते त्याला तो रुक्ष वाटणार नाही. आपणांपैकी अनेकांनी भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून घर उभे केले आहे. त्याची डागडुजी आपण ओळखीच्या कंत्राटदाराकडे सोपवितो. ‘ज्ञातीतलाच माणूस, त्याच्याकडून लिहून काय घ्यावयाचे?’ या संकोचापायी निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ दिली जाते, आणि गिलावा अर्धवट टाकून गृहस्थ दिसेनासे होतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नव्हे.

अशा वेळी कायदा आपला पाठीराखा आहे. १८७२ च्या करार कायद्यान्वये तोंडी करारही बंधनकारक असतो. मात्र तो शाबीत करणे कठीण. त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमानुसार करारभंगामुळे ओघानेच झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायद्याचा. घरबांधणी ही ‘सेवा’ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली दिला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे सदोष सेवेबद्दलची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, करता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील देण्याची सक्तीही नाही.

मात्र न्यायासनापुढे कागदच बोलतो. म्हणून कामाचा तपशील, मालाची प्रत, दर, मुदत व गळतीबाबतची हमी आरंभीच लेखी घ्यावी. पैसे झालेल्या कामाच्या मानाने हप्त्याहप्त्याने व बँकेमार्फत द्यावे. अखेरचा हप्ता काम तपासूनच द्यावा. काम बिघडल्यास दुसरा गवंडी लावण्यापूर्वी छायाचित्रे व अभियंत्याचा अहवाल घ्यावा, आणि मुदत देऊन लेखी नोटीस पाठवावी.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. चोख झालेल्या कामाचे पैसे अडवून धरणे हाही करारभंगच होय. त्या कारागिराच्या घरीही चूल पेटावयाची असते.

कागद केल्याने नाते तुटत नाही. न केल्यामुळे तुटलेली नाती मात्र या सभागृहात बसलेल्या अनेकांनी पाहिली आहेत. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.