गाठीचे चार पैसे आणि जत्रेचा आनंद



कुलदेवतेच्या जत्रेचा दिवस जवळ येऊ लागला, की घरातील मुले बोटांवर दिवस मोजू लागतात आणि घरातील कर्ता पुरुष मनातल्या मनात पैसे मोजू लागतो. एकाच उत्सवाचे हे दोन हिशेब. मुलांचा हिशेब मोठ्याने चालतो, कर्त्याचा मुकाट्याने. शाळेचा खर्च, वाणसामान, वृद्ध आईचे औषध, एखादा हप्ता, एवढे भागवून जे उरते त्यात पाच माणसांची जत्रा कशी बसवावी, हे त्याला कोणास विचारताही येत नाही. मग कधी तो उसने पैसे काढतो आणि जत्रा सरल्यावर तीन महिने ते फेडीत बसतो. कधी काही सबब सांगून जत्राच टाळतो. पहिल्या मार्गाने घरास ऋण लागते. दुसऱ्या मार्गाने घर देवापासून आणि आप्तेष्टांपासून दुरावते. या दोहोंत दुसरी हानी अधिक खोल होय. उसने पैसे आज ना उद्या फिटतात. परंतु चार-पाच वर्षे न तुडवलेली देवळाची वाट हळूहळू बुजत जाते.

म्हणून थोडक्या पैशांत जत्रा आनंदाने कशी करावी, हा विषय वरवर क्षुल्लक वाटला तरी तो तसा नाही. गृहस्थाश्रमाच्या धर्माशी त्याचा निकटचा संबंध आहे.

गोमंतकात जत्रांचा काळ पावसाळा सरल्यावर सुरू होतो. कार्तिकापासून पुढे गावोगावी पालख्या निघू लागतात. माघात कवळ्यास श्रीशांतादुर्गेची आणि मंगेशीस श्रीमंगेशाची जत्रा भरते. फाल्गुनात जांबावलीचा गुलाल उधळला जातो. वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावी श्रीलईराईचे धोंड होमखणातील निखाऱ्यांवरून चालतात. भर पावसाळ्यात, श्रावण शुद्ध षष्ठीस, वास्को येथे श्रीदामोदराचा अखंड भजनी सप्ताह असतो. आणि ही परंपरा एका समाजापुरती मर्यादित नाही. ईस्टरनंतर साधारण पंधरवड्याने म्हापसे येथे मिलाग्रीस मातेचे फेस्त भरते, तेव्हा तेथे हिंदू भाविकही श्रद्धेने जातात. लोकश्रद्धेने मिलाग्रीस मातेस लईराईची बहीण मानले आहे.

या जत्रांचा मूळ हेतू ध्यानात घेतला पाहिजे. १५६० साली श्रीमंगेशाचे स्थान कुशस्थळीहून प्रियोळास हलवावे लागले. त्या काळात अशीच अनेक दैवते जुवारीपार गेली, आणि त्यांच्या मागोमाग कुळेही विखुरली. कोणी कारवारकडे, कोणी बेळगावकडे, कोणी त्याहूनही दूर. विखुरलेल्या कुळांस वर्षातून एकदा एका दीपस्तंभाखाली आणणारी व्यवस्था म्हणजे जत्रा. माहेरी येणारी लेक, आडगावचा चुलतभाऊ, कधी न पाहिलेला आतेमामेभाऊ, हे सर्व तेथे भेटतात. या भेटीस तिकीट नाही. पेठ ही जत्रेच्या अंगाने आलेली गोष्ट. ती जत्रेचे मूळ नव्हे. गोव्यात त्या पेठेस फेरी म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. परंतु देवाचे दर्शन, पालखी आणि आप्तांची भेट ही फेरीच्या आधीची आहेत.

हे एकदा पटले म्हणजे खर्चाचा अर्धा भार आपोआप उतरतो. जत्रेतील जे सर्वोत्तम, ते प्रायः विनामूल्य आहे. पहाटेची काकड आरती, तळीतील दिव्यांचे प्रतिबिंब, रथाचा दोर ओढणाऱ्यांचा गजर, सभामंडपातील कीर्तन, यांस पैसे पडत नाहीत. दशावताराचा प्रयोग मध्यरात्रीच्या सुमारास उभा राहतो. संकासुर येतो, पखवाज घुमतो, आणि लिहिलेल्या संहितेवाचून राजे-राण्यांचे संवाद पहाटेपर्यंत रंगत जातात. हा प्रयोग पाहावयास एक चटई आणि थंडीपुरती एक चादर बरोबर असली म्हणजे झाले. शिरगावच्या होमखणात उतरणाऱ्या धोंडांकडे पाहावे. व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन तो भक्त जत्रेच्या केंद्रस्थानी उभा असतो, आणि त्याची प्रतिष्ठा त्याच्या खिशावरून कोणी ठरवीत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडून स्वीकारावयाच्या वस्तू सांगितल्या, त्या पान, फूल, फळ आणि पाणी या चारच. यांतील एकही वस्तू अशी नाही, की जी गरिबास अप्राप्य आहे.

तथापि घरातून निघताना काही पैसे गाठीस लागतातच. त्यांची वाटणी घरीच, शांतपणे, सर्वांसमक्ष व्हावी. उदाहरणार्थ, आजी, पतिपत्नी आणि दोन मुले अशा कुटुंबाने १००० रुपये काढून ठेवले आहेत असे समजावे. त्यांतील २०० रुपये बसच्या जाण्यायेण्याचे. १५० रुपये देवकार्याचे; ओटी, नारळ आणि दक्षिणा त्यात बसवावी. प्रत्येक मुलाच्या हाती १०० याप्रमाणे २००. घरास उपयोगी पडेल अशा वस्तूसाठी २५०. प्रसादाच्या खाऊसाठी १००. उरलेले १०० निराळ्या पुरचुंडीत, अडीअडचणीसाठी. आकडे ज्याने त्याने आपल्या प्राप्तीप्रमाणे बदलावेत. ज्याच्याजवळ ५०० आहेत त्याने सर्व आकडे निम्मे करावेत आणि अंतर थोडे असल्यास एक वेळचा प्रवास पायी करावा. महत्त्व आकड्यांस नसून वाटणी आधी होण्यास आहे. दुकानासमोर उभे राहून केलेला निश्चय दुकानदाराच्या सोयीचा असतो. घरी बसून केलेला निश्चय आपल्या सोयीचा. दुपारची शिदोरी घरून नेल्यास या हिशेबास फार मोठा हातभार लागतो, आणि देवळाच्या आवारातील झाडाखाली चार आप्तांनी डबे एकत्र उघडले, की ते जेवण कोणत्याही उपाहारगृहातील जेवणाहून रुचकर लागते.

मुलांच्या वाट्याचे पैसे मुलांच्याच हाती द्यावेत, यावर विशेष भर दिला पाहिजे. फेरीत शिरल्यावर मूल प्रत्येक पालापुढे थांबून हट्ट धरते आणि पिता प्रत्येक वेळी "नको" म्हणतो. दहाव्या नकारानंतर मुलाच्या डोळ्यांत पाणी येते आणि पित्याच्या मनास लाज वाटते. याउलट शंभर रुपये मुलाच्या मुठीत असले, म्हणजे तेच मूल आधी सारी फेरी हिंडते, किंमती विचारते, पाळण्यात एकदा बसल्यावर किती उरतील याचा विचार करते. नकार देण्याचे काम पित्याकडून मुलाच्या स्वतःच्या विवेकाकडे जाते. मुलाने क्वचित मूर्खपणाची खरेदी केली तरी बोलू नये. शंभर रुपयांत मिळालेला तो धडा पुढे हजारो रुपये वाचवील.

आता काय घ्यावे याचा विचार. ज्याने वस्तू घडवली त्याच्याच हातून ती घ्यावी, हा स्थूल नियम पुरेसा आहे. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे लाखेचे रंगीत लाकूडकाम, सावंतवाडीची लाकडी फळे आणि बाहुल्या, डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी, वेळूची सुपे आणि टोपल्या, या वस्तू वर्षानुवर्षे टिकतात वा उपयोगी पडतात. प्लास्टिकचे खेळणे स्वस्त दिसते. परंतु ते परतीच्या बसमध्येच मोडले, तर त्याची खरी किंमत किती झाली हे सांगावयास नको. चैत्र-वैशाखातील पेठांतून पूर्वीपासून गोव्यातील गृहिणी पुरुमेंत करीत आल्या आहेत. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुक्या मिरच्या, चिंच, आमसुले, कांद्याच्या माळा, मीठ, हे सर्व त्या वेळी घेऊन ठेवले, की आषाढात महागाईशी झुंजावे लागत नाही. अशी खरेदी झालेली जत्रा खर्चाची न राहता बचतीची ठरते. आणि घरी परतताना खाज्याची पुडी हवीच. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर गूळ, आले आणि तीळ यांचा लेप दिलेले हे खाजे देवळाच्या जत्रेत जसे मिळते तसेच फेस्तातही मिळते. शेजारच्या आजारी म्हाताऱ्यास त्यातले दोन तुकडे दिले, म्हणजे जत्रा त्याच्याही घरी पोचते.

काय टाळावे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट प्रतिष्ठेची. देवस्थानांत प्रसादाच्या वस्तूंची पावणी होते. देवीस नेसवलेले वस्त्र वा अर्पण केलेले फळ बोली लावून घेतले जाते, आणि तो पैसा देवाच्या कार्यास लागतो. ऐपत असलेल्याने बोली अवश्य वाढवावी. परंतु चुलतभावाने बोली लावली म्हणून आपण ती वाढवावयाची, यात भक्तीचा अंश उरत नाही. तेथे दोन अहंकारांची झुंज देवासमोर चाललेली असते. रिक्त हस्ताने परतणाऱ्यावर देवी रुसत नाही. घरच्या दाण्यागोट्यावर बोली लावणाऱ्याच्या पत्नीस मात्र रात्री झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट जुगाराची. १९७६ च्या सार्वजनिक जुगार प्रतिबंधक कायद्याने तो निषिद्ध ठरवला असताही, जत्रेच्या आडोशास फाशांचे पट मांडल्याच्या तक्रारी होतच असतात. एका साध्या खेळाचे गणित पाहावे. पटावर सहा चित्रे आहेत आणि तीच चित्रे असलेले तीन फासे टाकले जातात. निवडलेले चित्र जितक्या फाशांवर येईल, तितके पट पैसे मिळावयाचे. खेळणाऱ्यास वाटते, सहा चित्रे आणि तीन फासे, म्हणजे निम्मी संधी आपली. वस्तुस्थिती निराळी आहे. तीन फासे एकंदर २१६ प्रकारांनी पडतात. त्यांपैकी १२५ प्रकारांत ते चित्र मुळीच येत नाही. ७५ प्रकारांत ते एकदा येते, १५ प्रकारांत दोनदा आणि अवघ्या १ प्रकारात तिन्ही फाशांवर. मिळकतीचे पट होतात १०८, हानीचे १२५. म्हणजे दहा-दहा रुपयांच्या २१६ डावांमागे सरासरीने १७० रुपये पटवाल्याचेच. फासे सर्वस्वी प्रामाणिक असले तरीही हेच होणार. जो गृहस्थ वाढीव पैशांनी मुलांस मोठी जत्रा घडवीन म्हणून तेथे बसतो, तो मुलांच्या पाळण्याचे पैसे गमावूनच उठतो.

मात्र मितव्यय आणि कृपणता या दोन भिन्न गोष्टी आहेत. अबोलीची वेणी विकणारी बाई पहाटे उठून फुले गुंफते. संध्याकाळी ती फुले सुकली की तिचा दिवस बुडाला. पाळण्याच्या तिकिटावर एक शब्द न बोलणाऱ्याने तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करावी, हे शोभत नाही. वस्तू परवडत नसेल तर घेऊ नये. परंतु घेतली तर तिच्या श्रमाचे मोल द्यावे. आपली बचत दुसऱ्याच्या चुलीतून काढलेली नसावी. विकणाऱ्याचीही ती जत्राच आहे, आणि त्याच्याही घरी कोणी लेकरू खाऊची वाट पाहत असते.

शेवटी वेळेविषयी. ३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, ही वेदना अद्याप ताजी आहे. वृद्ध आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी ऐन मुहूर्ताच्या गर्दीत शिरण्याचा हट्ट धरू नये. पुष्कळ ठिकाणी मुख्य दिवसानंतरही पेठ राहते. त्या दिवसांत दर्शन निवांत होते, आजीस पायरीवर बसावयास जागा मिळते, आणि पाल उठण्याच्या सुमारास विक्रेतेही माल परत नेण्यापेक्षा भाव उतरवणे पसंत करतात. मुलाच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

तात्पर्य, जत्रा ही श्रीमंतांनी भरवलेली आणि गरिबांनी दुरून पाहावयाची गोष्ट कधीच नव्हती. पालखी अंगणात येते तेव्हा ती घर कौलारू की पक्के, हे पाहून थांबत नाही. ज्या घरी आधी वाटणी झाली, मुलांच्या हाती त्यांचे पैसे दिले गेले, देवापुढे ऐपतीचा नारळ ठेवला गेला आणि कोणाचे देणे शिल्लक राहिले नाही, त्या घरच्या माणसांस परतीच्या वाटेवर निश्चिंत झोप लागते. पुढल्या वर्षी जत्रेचा महिना आला, की त्या घरातील कर्ता पुरुषही मुलांबरोबर बोटांवर दिवस मोजू शकेल. गृहस्थाच्या घरी असा निर्भय उत्सव नांदावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.