आज्ञावलीचें खरें मोल

ठाण्याच्या वर्तकनगरांतील विमा-एजंट कामाकरितां संगणकाची आज्ञावली घेतो, तेव्हां त्याची दृष्टि मासिक वर्गणीवरच खिळते. परंतु वर्गणी हा खर्चाचा केवळ उंबरठा होय. तीवर १८ टक्के वस्तु व सेवा कर पडतो. एजंटाच्या कमिशनावरील कर विमा कंपनीच भरीत असल्यानें त्याला हा कर वजा मिळत नाहीं. जुन्या वह्या उतरविण्याचे दिवस आणि कारकुनाचें शिक्षण हींहि हिशेबांत धरावींत. उतरवितांना हप्त्याची एक तारीख चुकली, तर पॉलिसी खंडित होऊं शकते. त्याचें मोल एखादें कुटुंब देतें. म्हणून सही करण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें: सोडून जातांना ग्राहकांची संपूर्ण नोंद परत मिळेल काय?