स्टेडियम आणि वस्ती : फिलाडेल्फियाचा धडा



शहराच्या मध्यभागी नवे स्टेडियम उभारण्याची घोषणा होते तेव्हा तिच्याबरोबर एक हिशेबही जाहीर होत असतो. इतक्या हजार लोकांना काम मिळेल, इतका कर तिजोरीत जमा होईल, इतके प्रेक्षक आसपासच्या दुकानांत पैसा खर्च करतील, असा तो हिशेब असतो. त्यात जमेची बाजू तपशीलवार मांडलेली असते. खर्चाची बाजू मात्र कोरी असते. ती भरण्याचे काम त्या वस्तीतील रहिवाशांना, भाडेकरूंना आणि लहान दुकानदारांना करावे लागते, आणि ते करू लागले की त्यांच्यावर प्रगतीचे विरोधक असा शिक्का बसतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २०२२ ते २०२५ या काळात झालेला संघर्ष या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. समाजवादी कार्यकर्त्याने त्याकडे दोन कारणांसाठी लक्ष दिले पाहिजे. एक तर त्यात एका बाजूला गरिबांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला मालकांच्या जोडीने संघटित कामगार उभे होते. आणि दुसरे असे की, त्यात वस्ती वाचली. परंतु ज्या रीतीने ती वाचली त्या रीतीला लोकशाहीचा विजय म्हणता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

फिलाडेल्फियाच्या चायनाटाउनचा आरंभ १८७० च्या सुमारास रेस स्ट्रीटवरील एका चिनी धोब्याच्या दुकानापासून झाला असे मानले जाते. १८८२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले आणि ते १९४३ पर्यंत बंदच ठेवले. इतरत्र ज्यांना घर मिळत नव्हते आणि काम मिळत नव्हते, त्यांनी एकमेकांच्या आधाराने राहण्यासाठी ही वस्ती उभी केली. पुढे कायदा बदलला, कुटुंबे आली, शाळा झाली, चर्च झाले. आणि वस्ती जरा स्थिरावते न स्थिरावते तोच तिच्यावर नगरनियोजनाची नजर पडली.

१९६६ च्या सुमारास व्हाइन स्ट्रीटवरून द्रुतगती महामार्ग नेण्याचा बेत पुढे आला. त्याच्या मार्गात १९४१ साली बांधलेले होली रिडीमर हे चिनी कॅथॉलिकांचे चर्च आणि त्याला जोडलेली शाळा येत होती. लोकांनी विरोध केला, संघटना बांधल्या, आणि चर्च वाचविले. पण १९९१ साली पूर्ण झालेल्या त्या महामार्गाने वस्तीचे दोन तुकडे केलेच. दरम्यान १९७७ मध्ये दक्षिणेच्या अंगाला ‘गॅलरी’ हे मोठे बंदिस्त बाजारसंकुल उभे राहिले आणि १९९३ मध्ये पश्चिमेच्या अंगाला भव्य अधिवेशनगृह आले. अशा रीतीने वस्तीची वाढ तिन्ही बाजूंनी कोंडली गेली. १९९० च्या दशकात वस्तीच्या शेजारी तुरुंग बांधण्याचा प्रस्ताव आला. तो लोकांनी हाणून पाडला. २००० साली महापौर जॉन स्ट्रीट यांनी बाराव्या रस्त्याच्या आणि व्हाइन स्ट्रीटच्या चौकापाशी फिलीज या संघासाठी बेसबॉलचे स्टेडियम बांधण्याची योजना मांडली. वस्तीने ती काही महिन्यांतच मागे घ्यावयास लावली, आणि ते स्टेडियम २००४ साली शहराच्या दक्षिण भागात उघडले. २००८ साली ‘गॅलरी’च्या इमारतीत जुगारगृह आणण्याचा घाट घातला गेला, तोही तडीस गेला नाही. बेसबॉलचे स्टेडियम ज्या परिसरात येणार होते त्याच परिसरात २००५ साली लोककलांचा वारसा जपणारी एक शाळा सुरू झाली, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. विरोध करणाऱ्यांना नुसते नकाराचे राजकारण करता येते, या आरोपाला ती शाळा हे उत्तर आहे.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे जुलै २०२२ मधील घोषणेचा अर्थ स्पष्ट होतो. फिलाडेल्फियाच्या ‘सेव्हन्टीसिक्सर्स’ या बास्केटबॉल संघाच्या मालकांनी मार्केट स्ट्रीटवर, त्याच जुन्या बाजारसंकुलाचा काही भाग पाडून, चायनाटाउनला अगदी लागून १८,५०० आसनांचे बंदिस्त स्टेडियम बांधण्याचे जाहीर केले. खर्चाचा अंदाज १.३ अब्ज डॉलरचा होता. शहराचा एक पैसाही लागणार नाही, सर्व गुंतवणूक खाजगी आहे, असे वारंवार सांगण्यात आले. प्रत्यक्षात मालमत्ताकर नेहमीच्या पद्धतीने भरण्याऐवजी त्याच्या बदल्यात ठरावीक रक्कम देण्याची सवलत योजनेत अंतर्भूत होती. सरकारी तिजोरीतून रोख रक्कम देणे आणि तिजोरीत येणारी रक्कम सोडून देणे यांत जमाखर्चाच्या दृष्टीने भेद नसतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही सापडते. पण जाहीर वादात ती कानाआड करण्याची प्रथा आहे.

आता या हिशेबाच्या कोऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. स्टेडियममुळे शहराची संपत्ती वाढते ही समजूत अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ तपासली आहे. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाचा निष्कर्ष असा होता की, ज्या स्टेडियमांचा अभ्यास झाला त्यांपैकी एकानेही सार्वजनिक गुंतवणुकीवर वाजवी परतावा दिलेला नाही. याची कारणे गूढ नाहीत. एखादे कुटुंब करमणुकीवर वर्षाला जेवढे खर्च करू शकते तेवढेच करते. सामन्याचे तिकीट काढले की नाटकाचे, सिनेमाचे किंवा बाहेरच्या जेवणाचे पैसे तेथे जातात. खर्च वाढत नाही, त्याची जागा बदलते. वस्तीतल्या उपाहारगृहात खर्च झालेला डॉलर स्वयंपाक्याच्या, भाजीवाल्याच्या हातून पुन्हा वस्तीत फिरतो. तिकिटावर खर्च झालेल्या डॉलरचा मोठा हिस्सा खेळाडूंच्या आणि मालकांच्या खात्यांवर जातो, आणि त्यांतील बरेचजण त्या शहरात राहतही नाहीत. शिवाय बास्केटबॉल संघाचे नियमित मोसमातील घरचे सामने असतात ४१. बाकीच्या दिवसांसाठी गायनाचे जलसे वगैरे धरले तरी ती अवाढव्य वास्तू वर्षातले कितीतरी दिवस बंद दारांची भिंत होऊन रस्त्यावर उभी राहते.

चायनाटाउनची अर्थव्यवस्था याहून वेगळ्या घडणीची आहे. तेथील दुकानांचे गिऱ्हाईक वस्तीपुरते मर्यादित नाही. उपनगरांत पांगलेली चिनी आणि इतर आशियाई कुटुंबे भाजीपाला, मासळी, औषधी वनस्पती घेण्यासाठी, वृद्ध आईवडिलांना भेटण्यासाठी, मुलांना भाषेच्या वर्गाला आणि सर्वांना जेवायला नेण्यासाठी तेथे येतात. सामन्याच्या दिवशी रस्ते तुंबले आणि गाडी लावण्याची जागा दुर्मिळ आणि महाग झाली की हे गिऱ्हाईक येणे सोडून देते. आणि सामन्याचा प्रेक्षक मासळी घ्यायला येत नसतो. शहरानेच करवून घेतलेल्या आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हे मान्य करण्यात आले होते. चायनाटाउनमधील सुमारे निम्म्या लहान व्यवसायांना स्टेडियमचा फटका बसेल आणि लाभ मात्र पाचांतील एकालाच होऊ शकेल, असा त्याचा निष्कर्ष होता. या अभ्यासाचा खर्च संघाच्या मालकांनी उचलला होता, हे ध्यानात घेता हा निष्कर्ष अधिकच बोलका ठरतो.

त्याहून खोल परिणाम जमिनीच्या किमतीचा असतो. स्टेडियम येणार या वार्तेनेच जागेचे भाव चढू लागतात. जागेचा मालक असलेल्या व्यापाऱ्याला त्यात लाभ आहे. भाड्याच्या खोलीत राहणारी म्हातारी आणि भाड्याच्या गाळ्यात शिवणकाम करणारा कारागीर यांना त्यात घरघर आहे. वस्ती म्हणजे एकजिनसी समुदाय नव्हे. तिच्या पोटातही वर्ग असतात, हे कार्यकर्त्याने विसरता कामा नये. वॉशिंग्टनचे चायनाटाउन हा याचा पुरावा आहे. तेथे १९९७ च्या अखेरीस मोठे बंदिस्त स्टेडियम उघडले. एकेकाळी सुमारे तीन हजार चिनी रहिवासी असलेल्या त्या वस्तीत २०१० च्या दशकात जेमतेम तीनशे उरले होते. ही घट स्टेडियमच्या आधीपासून चालू होती हे खरे; पण स्टेडियमने तिच्यावर शेवटचा हात फिरविला. कमान उभी आहे, पाट्यांवर चिनी अक्षरे आहेत, आणि त्या पाट्यांखाली देशभर शाखा असलेल्या कंपन्यांची दुकाने आहेत.

लॉस एंजेलिसचे उदाहरण याहून कठोर आहे. चावेझ रवीन या टेकड्यांतील तीन वस्त्यांतून मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना १९५० नंतर उठविण्यात आले ते सार्वजनिक घरबांधणीच्या नावाने. नव्या घरांत पहिला हक्क तुमचा, असे वचन देऊन. मग सार्वजनिक घरे म्हणजे साम्यवाद अशी हाकाटी सुरू झाली, घरबांधणी रद्द झाली, आणि ‘सार्वजनिक उपयोगासाठी’ या अटीवर शहराच्या हाती आलेली ती जमीन बेसबॉल संघाच्या मालकाकडे गेली. १९५८ च्या सार्वमतात अल्प मताधिक्याने त्याला मान्यता मिळाली. मे १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढले. एप्रिल १९६२ मध्ये स्टेडियम उघडले. गरिबांच्या घरांसाठी घेतलेली जमीन श्रीमंतांच्या धंद्याकडे कशी सरकते, हे शिकविण्यास याहून स्पष्ट धडा मिळणे कठीण.

फिलाडेल्फियातील संघर्षाचा सर्वांत अवघड भाग कामगारांच्या भूमिकेचा आहे. बांधकाम क्षेत्रातील कामगार संघटना स्टेडियमच्या बाजूने ठामपणे उभ्या राहिल्या. मालकांनी कामगारांना विकत घेतले असे म्हणून त्याची वासलात लावणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. बांधकाम कामगाराचे जीवन एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाण्याचे असते. मधल्या रिकाम्या महिन्यांत त्याच्या घरची चूल कशी पेटते हे त्यालाच ठाऊक. एक अब्जाहून मोठे काम संघटित कामगारांच्या हाती येत असेल तर त्यांच्या पुढाऱ्यांनी त्याला पाठिंबा देणे हे त्यांच्या कर्तव्यातच येते. प्रश्न त्यांच्या नीतीचा नव्हता. प्रश्न ज्या पर्यायांमधून त्यांना निवड करावी लागली, ते पर्याय कोणी आखले याचा होता. ‘येथे स्टेडियम किंवा बेकारी’ अशी मांडणी मालकांनी केली आणि शहराच्या सत्ताधाऱ्यांनी ती निमूटपणे स्वीकारली. रोजगार स्टेडियमच्या बांधकामातून निर्माण होतो, चायनाटाउनच्या शेजारातून नव्हे. तेच काम अन्यत्रही होऊ शकते, आणि शाळा, घरे, वाहतूक यांच्या बांधकामातूनही मजुरी मिळतेच. हा युक्तिवाद वस्तीच्या बाजूने केला जात होता. पण कामगार आणि वस्ती यांना एका बैठकीत बसवून तो पटविणारी राजकीय शक्ती त्या शहरात नव्हती. तेथे पक्ष होते, निधी होता, मतदान होते. या दोघांचा समान कार्यक्रम मात्र कोणाजवळ नव्हता.

विरोध थोडाथोडका नव्हता. जून २०२३ मध्ये हजारो लोकांनी मोर्चा काढला. त्याच वर्षी ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने या वस्तीचा समावेश देशातील अत्यंत धोक्यात असलेल्या अकरा स्थळांत केला. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये महापौर शेरेल पार्कर यांनी योजनेला पाठिंबा जाहीर केला, आणि १९ डिसेंबर २०२४ रोजी सिटी कौन्सिलने १२ विरुद्ध ५ मतांनी तिला मंजुरी दिली. भरपाई म्हणून सामाजिक लाभाच्या कराराची रक्कम वाढवीत वाढवीत सहा कोटी डॉलरपर्यंत नेण्यात आली. वस्तीचे मोल ठरविण्याचा बाजारच जणू भरला होता.

आणि मग चार आठवडेही उलटले नसतील तोच, जानेवारी २०२५ मध्ये, संघाच्या मालकांनी योजना गुंडाळली. दक्षिण फिलाडेल्फियातील सध्याच्या स्टेडियमची मालकी असलेल्या कॉमकास्ट कंपनीशी त्यांनी भागीदारी केली आणि नवे स्टेडियम दोघे मिळून तेथेच बांधतील असे जाहीर झाले. ज्या महापौरांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली आणि ज्या सदस्यांनी आपल्या मतदारांचा रोष पत्करून मत दिले, त्यांच्या ठरावाला काही अर्थ उरला नाही. आणि ज्या कामगारांना ‘येथे किंवा कोठेच नाही’ असे बजावले होते, त्यांना आता तेच काम काही मैलांवर मिळणार होते. म्हणजे वस्तीचे म्हणणे खरे ठरले. ते खरे ठरविले मात्र मालकांच्या सोयीने.

चायनाटाउनच्या लोकांनी त्या दिवशी आनंद केला आणि तो त्यांच्या हक्काचा होता. अडीच वर्षे त्यांनी योजनेला सहजासहजी पुढे जाऊ दिले नाही. भांडवलाला काळ महाग पडतो. विलंब झाला की त्याला फेरहिशेब करावा लागतो, आणि लोकांच्या चिवटपणाची खरी ताकद तेथे असते. तरीही या निर्णयाला लोकशाहीचा विजय म्हणता येणार नाही. लोकांच्या प्रतिनिधींनी एक निर्णय दिला, दोन कंपन्यांनी दुसरा दिला, आणि अमलात आला तो दुसरा. तो वस्तीला अनुकूल पडला हा योग होता. उद्या प्रतिकूल पडला तर त्याला अडविणारे काय आहे? मार्केट स्ट्रीटच्या त्या भागाच्या पुनर्विकासात आपण भागीदार राहू, असे दोन्ही कंपन्यांनी त्याच वेळी सांगून ठेवले आहे. वस्तीच्या सीमेवरची जमीन अद्याप बाजारातच आहे.

यातून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. वस्तीच्या लढ्याची कोरी बाजू वस्तीनेच भरावी. भाडेकरू किती, दुकाने किती, गिऱ्हाईक कोठून येते, याची नोंद योजना जाहीर होण्यापूर्वी तयार असावी. कामगार संघटनांकडे भांडण सुरू झाल्यावर जाऊ नये. त्यांच्या रोजगाराचा पर्यायी कार्यक्रम आधी हातात असावा. आणि जमिनीवर लोकांची सामुदायिक मालकी प्रस्थापित करण्याचे काम संकट नसताना करावे, कारण संकटाच्या दिवशी फक्त नकार देता येतो. चायनाटाउनच्या लोकांनी पन्नासहून अधिक वर्षे नकार देऊन वस्ती राखली. पुढच्या पिढीला तोच नकार पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागू नये, अशी व्यवस्था उभी करणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे.