मला मीठ जास्त लागतं

बोलता बोलता मी मध्येच खोकेन. तो खोकला कापू नका, असं मी एडिटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवलंय. आजचा विषयच तो आहे.

मी 24 वर्षांची, चंद्रपूरची. मला सिस्टिक फायब्रोसिस आहे, थोडक्यात सीएफ. हा जन्मापासूनचा, जनुकातला आजार आहे, त्यामुळे माझा खोकला कुणाला लागत नाही. आई आणि बाबा, दोघांकडून बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आली तरच सीएफ होतो. म्हणून "हे कुणाच्या घराण्यातून आलं?" हा प्रश्न आमच्या घरात कायमचा बंद झाला. दोन्हीकडून आलं, हिशेब सारखा!

लहानपणी मी भरपूर खायचे, पण वजन वाढायचं नाही. शी तेलकट व्हायची, खोकला जायचा नाही. टीबी समजून औषधंही झाली. आजी मात्र एकच गोष्ट सारखी सांगायची, "पोरीची पापी घेतली की ओठ खारट होतात." शेवटी एका डॉक्टरांनी तिचं ते वाक्य नीट ऐकलं आणि घामाची तपासणी करायला लावली. घामातलं क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त निघालं, तर सीएफ असण्याची शक्यता पक्की धरतात. माझं बरंच वर होतं.

आता हे मिठाचं प्रकरण काय आहे? आपल्या पेशींवर सीएफटीआर नावाचं एक दार असतं. त्यातून क्लोराइडची ये-जा होते. माझं ते दार नीट चालत नाही. त्यामुळे घामातून मीठ वाहून जातं, आणि फुप्फुसात, स्वादुपिंडात जो स्राव पातळ हवा तो चिकट होतो. छातीत कफ अडकतो, त्यात जंतू घर करतात.

1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली होती. उन्हाने कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये सीएफची मुलं जास्त दिसली. डॉ. पॉल दी सांत'आन्येस यांनी त्याचा माग काढला आणि 1953 साली दाखवून दिलं की या मुलांच्या घामातून मीठ फार जातं. आता विचार करा, तिथे ही गत, तर आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्याचं काय! म्हणून उन्हाळ्यात माझ्या ताकात मीठ, लिंबू सरबतात मीठ, कैरीला मीठ. सगळं जग मीठ कमी करा म्हणतं, माझे डॉक्टर वाढवा म्हणतात. किती, ते मात्र तेच ठरवतात.

दुसरी गोष्ट ताटातली. स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. आमचे आजोबा माळकरी. त्यांना हे सांगायला सगळे घाबरत होते. ते म्हणाले, "औषधाला कसला विटाळ? आधी कॅप्सूल घे, मग वरणभातावर तूप वाढून घे."

कॅप्सूलचे दाणे चावायचे नाहीत, गरम अन्नात कालवायचे नाहीत. उसाच्या रसाला कॅप्सूल लागत नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीला, श्रीखंडाला, वडापावला लागते. लग्नाच्या पंगतीत "कसली गोळी गं?" असं कुणी विचारलं की लाजून मी ती टाळायचे आणि रात्रभर पोट धरून बसायचे. आता सरळ सांगते, "पचायची आहे. तुम्ही जिलबी वाढा."

पूर्वी उलट समज होता. तेल-तूप पचत नाही ना, मग बंद करा. बॉस्टनच्या दवाखान्यात कमी स्निग्ध आहार देत. टोरांटोमध्ये म्हणाले, भरपूर खा आणि त्या मानाने एन्झाइम घ्या. 1988 साली दोन्हींची तुलना छापून आली. फुप्फुसांची ताकद साधारण सारखीच, पण टोरांटोची मुलं उंचीने, वजनाने चांगली होती. जगण्याचं मध्यक वय बॉस्टनमध्ये 21 वर्षं आणि टोरांटोमध्ये 30! म्हणून "खाऊन घे" हे आईचं वाक्य मला प्रिस्क्रिप्शनसारखं वाटतं. जोडीला अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं, कारण तीही स्निग्ध पदार्थांबरोबरच शोषली जातात.

फुप्फुसांसाठीही पुन्हा मीठच! ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या लक्षात आलं की समुद्रात लाटांवर खेळणाऱ्या सीएफच्या पेशंटना बरं वाटतंय. पुढे 7 टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरने देऊन चाचणी झाली. 2006 साली निष्कर्ष आले आणि छातीचा त्रास उफाळण्याचे प्रसंग कमी झालेले दिसले. मी रोज सकाळी आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध घेते, मग हे खारं पाणी, मग कफ काढायचे व्यायाम. तुमचं रील बघणं चालतं तेवढ्या वेळात माझं हे आटपतं. कंटाळा येतो का? रोज येतो. पण एक आठवडा टाळलं होतं, तेव्हा पुढचे चौदा दिवस सलाइन लावून काढले.

आणि मोठी बातमी म्हणजे ते दारच दुरुस्त करणारी औषधं आलीत. 2012 साली पहिलं, आयव्हाकॅफ्टर. 2019 साली अमेरिकेत तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली आणि कित्येकांचं आयुष्य पालटलं. पण तिथली वर्षाची किंमत 3 लाख डॉलरच्या घरात! शिवाय ही गोळी जनुकातल्या ठरावीक बदलांवरच चालते. त्यातला सर्वात ठळक बदल भारतीय पेशंटमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. ज्यांच्यात ते दार बनतच नाही, त्यांच्यासाठी हुंगून घ्यायच्या एमआरएनए औषधांवर संशोधन चालू आहे. म्हणून सीएफ असेल तर जनुकाची तपासणी करून घ्या, रिपोर्ट जपून ठेवा. आपल्यासाठी औषध आलं, हे ओळखायला तोच कागद लागणार आहे.

तोवर मी काय करते? वजन टिकवते, फुप्फुसं जपते. बस यायच्या वेळी आपण स्टँडवर तर असायला हवं ना!

शेवटचं. सीएफचे दोन पेशंट जवळ बसू शकत नाहीत, कारण एकमेकांच्या फुप्फुसातले जंतू एकमेकांना धोक्याचे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सीएफवालीच आहे. पाच वर्षांत आम्ही एकदाही गळाभेट घेतलेली नाही. रोज रात्री नऊला फोन करते आणि विचारते, "कॅप्सूल घेतली? मीठ घेतलं? खोकून दाखव बरं."

तुमच्या ओळखीत असं खारट लागणारं, खाऊनही न भरणारं, सारखं खोकणारं बाळ असेल, तर त्याच्या आईला हा भाग पाठवा. डॉक्टरांकडे घामाच्या तपासणीचं नाव काढायला सांगा.

चला, नऊ वाजत आले. तिचा फोन येईल. काळजी घ्या मंडळी!