मंदगतीची शिक्षा



अमेरिकेत ‘बार्बरशॉप’ नावाचा गायनाचा एक प्रकार आहे. चार गायक, वाद्य एकही नाही आणि चौघांचे चार निरनिराळे स्वर एकमेकांत मिसळून उभी राहणारी एकच चीज. न्हाव्याच्या दुकानात आपली पाळी येईपर्यंत मंडळी असे गात बसत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. ऑरेगन राज्यात राहणारे रॉब टोपोल्स्की हे गृहस्थ या गायनाचे भोक्ते. संगणकांच्या जाळ्यांचे ते चांगले जाणकारही होते. ज्यांवर आता कोणाचाही हक्क उरलेला नाही, अशा कित्येक जुन्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या संग्रही होत्या. त्या इतर रसिकांनाही मिळाव्यात, म्हणून २००७ साली त्यांनी ‘बिटटोरंट’ या पद्धतीने त्या इंटरनेटवर ठेवल्या. आश्चर्य असे, की गाणी कोणापर्यंत पोहोचेचनात!

बिटटोरंटची रीत आपल्या पंगतीपेक्षा थोडी निराळी आहे. पंगतीत वाढपी वेगळा आणि जेवणारा वेगळा. येथे जो जेवतो तोच शेजाऱ्याला वाढतोही. एका मोठ्या फाइलचे शेकडो तुकडे होतात. ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने पुढच्यास द्यायचा. असे करता करता सर्वांचे ताट भरते. टोपोल्स्की यांनी चिकाटीने शोध घेतला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, त्यांना इंटरनेट पुरवणारी कॉमकास्ट ही कंपनीच मध्ये हात घालत होती. हात घालण्याची तऱ्हा मोठी विलक्षण होती. दोघे दूरध्वनीवर बोलत असावेत आणि तिसऱ्याच कोणी पहिल्याच्या आवाजात दुसऱ्यास ‘बरे, ठेवतो आता’ असे सांगावे, दुसऱ्याच्या आवाजात पहिल्यासही तेच सांगावे आणि दोघांनीही निमूटपणे संभाषण संपवावे, असा तो प्रकार होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः प्रयोग करून पाहिला. प्रयोगासाठी त्यांनी निवडली बायबलाची जुनी इंग्रजी प्रत! तिच्या वाटेतही तोच अडथळा आला.

कंपनीचे म्हणणे असे पडले की, हा चोरीचा बंदोबस्त नव्हे, जाळ्यावरची गर्दी आवरण्याचा उपाय आहे. ते खरे मानले, तरीही एक गोष्ट उरतेच. गाडीत काय भरले आहे हे न पाहता, गाडी कोणत्या बनावटीची आहे एवढ्यावरूनच ती नाक्यावर अडवली जात होती, आणि अडवलेल्याला आपण अडवले गेलो आहोत याचा पत्ताही नव्हता. पुढे काही वर्षांतच, चोरीच्या संशयावरून ग्राहकांचा वेग कमी करण्याची रीतसर योजना त्याच देशात आखली गेली. आज मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलायचे आहे.

जुलै २०११ मध्ये अमेरिकेतील चित्रपट आणि संगीत उद्योगांच्या संघटना व पाच मोठ्या इंटरनेट कंपन्या यांच्यात एक करार झाला. फेब्रुवारी २०१३ पासून तो अमलात आला. योजनेचे नाव ‘कॉपीराइट अलर्ट सिस्टिम’. लोक मात्र तिला ‘सहा फटके’ म्हणत. हक्कदारांनी नेमलेल्या संस्था बिटटोरंटच्या पंगतीत शिरून, कोणत्या क्रमांकाच्या पत्त्यावरून कोणता चित्रपट वाढला जात आहे याची नोंद करीत. ती नोंद कंपनीकडे जाई आणि कंपनी आपल्या ग्राहकास सूचना पाठवी. पहिल्या सूचना समजावणीच्या, नंतरच्या सूचना ‘वाचली’ अशी कबुली घेणाऱ्या, आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर प्रत्यक्ष उपाय. व्हेरायझन या कंपनीने ठरवलेला उपाय म्हणजे ग्राहकाचा वेग दोन-तीन दिवस सेकंदाला २५६ किलोबिटांवर आणणे. त्या वेगाने एक गिगाबाइटची फाइल उतरवून घ्यायला साडेआठ तासांहून अधिक वेळ लागतो. साधे पत्र जाईल, येईल. परंतु घरातील मुलीचा दूरस्थ वर्ग मात्र चालणार नाही.

या योजनेच्या कर्त्यांवर मी दुष्टपणाचा आरोप करणार नाही. जोडणी कायमची तोडायची नाही, असे त्यांनी करारातच ठरवले होते. चित्रपट काढणाऱ्याचे दुःखही खोटे नाही. कर्ज काढून, वर्षे घालवून तयार केलेला चित्रपट प्रदर्शनाच्या आठवड्यातच फुकट वाटला गेला, तर निर्मात्याच्या पोटावर पाय येतो. त्यातही थोरामोठ्यांच्या पोटावर कमी आणि लहान निर्मात्याच्या पोटावर अधिक. या चोरीचे समर्थन ‘कला सर्वांची आहे’ अशा गोड वाक्यांनी करणाऱ्यांविषयी मला मुळीच प्रेम नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, चोर कोण हे ठरवले कोणी आणि कशावरून?

क्रमांक हा माणूस नव्हे. एका घरात एक जोडणी असते. तिच्यावर आई-वडील, मुले, आलागेला पाहुणा, आणि परवलीचा शब्द सैल ठेवला असेल तर जिन्यापलीकडचा बिऱ्हाडकरूही असतो. पूर्वी चाळीत एकच दूरध्वनी असे. त्यावरून कोणी शिवीगाळ केली, म्हणून ज्याच्या नावे दूरध्वनी त्याचीच जीभ दोषी ठरवावी, अशातला हा न्याय आहे. शिवाय क्रमांक टिपणारी यंत्रेही चुकतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील तीन संशोधकांनी २००८ साली हे मोठ्या गमतीदार रीतीने दाखवून दिले. त्यांनी आपल्या विद्यापीठातील छपाईयंत्रांचे क्रमांक बिटटोरंटच्या पंगतीत असल्याचा आभास निर्माण केला आणि वाट पाहिली. यथाकाल त्या छपाईयंत्रांवर चित्रपट चोरल्याचा आरोप करणाऱ्या नोटिसा आल्या! कागदावर शाई उमटवण्यापलीकडे ज्यांना काही येत नाही, अशी ती बापडी यंत्रे. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे, परंतु तिच्यातील संन्यासी निदान माणूस तरी होता.

ज्याला आपण निर्दोष आहोत असे वाटे, त्याला अमेरिकेतील त्या योजनेत दाद मागण्याची सोय होती. मात्र ३५ डॉलर भरून एका लवादापुढे जावे लागे. जिंकल्यास ते परत मिळत. बचावाची कारणेही मोजून सहा ठरवून दिली होती. ‘माझी जोडणी दुसऱ्याने न विचारता वापरली’ हे कारण एकदाच सांगता येई, जणू शेजारी दुसऱ्यांदा चोरी करीतच नाही. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे १३ लाख सूचना गेल्या. त्यांपैकी २६५ प्रकरणांत ग्राहकांनी दाद मागितली आणि ४७ प्रकरणांत त्यांचे म्हणणे खरे ठरले. १३ लाखांपैकी बाकीचे सगळे दोषी होते म्हणून गप्प राहिले, की ३५ डॉलर आणि एक दुपार घालवण्यापेक्षा सूचना सोसणे सोपे वाटले म्हणून, हे त्या आकड्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही. माझ्या मते येथेच या शिक्षेचे मर्म आहे. तुरुंग किंवा दंड असता, तर माणूस वकील गाठतो. वेग मंदावला, तर तो कपाळाला आठी घालतो आणि दोन दिवस कळ काढतो. शिक्षा इतकी लहान करायची की तिच्याविरुद्ध भांडणे परवडू नये! लहान आहे म्हणून ती शिक्षा नव्हेच, असेही मग म्हणायला मोकळे. जानेवारी २०१७ मध्ये ही योजना बंद झाली. जे सराईत होते ते सूचनांना भीक घालीत नाहीत, असे हक्कदारांच्याच लक्षात आले होते.

फ्रान्समध्ये हाच वाद अधिक उंचीवर झाला. तेथील संसदेने २००९ साली एक कायदा केला. दोन वेळा ताकीद देऊनही चोरी चालूच राहिली असे वाटल्यास, एका प्रशासकीय मंडळाने ग्राहकाची जोडणीच बंद करावी, असे त्यात होते. १० जून २००९ रोजी तेथील घटनापरिषदेने तो भाग रद्द ठरवला. तिने आधार घेतला तो थेट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा. विचार बोलण्याचे व पसरवण्याचे जे स्वातंत्र्य त्या जाहीरनाम्याने दिले, त्यात आजच्या काळी इंटरनेटपर्यंत पोहोचण्याचे स्वातंत्र्यही येते. ते काढून घ्यायचे, तर न्यायाधीशाने काढावे, एखाद्या मंडळाने नव्हे. आणि अपराध सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष, हे तत्त्वही विसरता येणार नाही, असा तो निर्णय. पुढे न्यायाधीशामार्फत जोडणी तोडण्याची तरतूद झाली, परंतु २०१३ च्या जुलैत तीही मागे घेण्यात आली. ब्रिटनने २०१० च्या कायद्यात ग्राहकाचा वेग कमी करण्याचे कलम घातले खरे. ते कागदावरच राहिले.

आपल्या देशाने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. येथे रोख ग्राहकावर नसून, चोरीचा माल मांडणाऱ्या स्थळावर असतो, आणि ते स्थळ बंद करावे की नाही हे बहुतेक वेळा न्यायालय सांगते. ही वाटही निष्कंटक नाही. २०१२ साली एका तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कंपन्यांनी निर्दोष स्थळांसह सबंध संकेतस्थळेच बंद करून टाकली. लोक संतापले आणि जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की, बंदी त्या त्या विशिष्ट पत्त्यापुरतीच आहे. येथे चूक झाली, पण ती उघड्यावर झाली. आणि ज्याने आदेश दिला होता त्याच्याचकडे जाऊन ती दुरुस्त करून घेता आली. २०२३ च्या सुधारित चलच्चित्र कायद्याने चित्रपटाच्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि जबर दंड ठेवला आहे. शिक्षा कडक आहे, परंतु ती देणारा न्यायासनावर बसलेला आहे. तसेच, कंपन्यांनी इंटरनेटवरील मजकुरात आपपरभाव करून कोणाचा वेग घटवू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये मान्य केला. दिवसाचा ठरलेला साठा संपला की आपल्या मोबाइलचा वेग घसरतो, ती गोष्ट निराळी. तेथे आपण पैसे मोजताना ती अट मान्य केलेली असते. तेथे कोणी आपल्याला चोर म्हणत नाही.

आता टोपोल्स्की यांच्या गाण्यांसारखेच एक उदाहरण आपल्या घरचे घेऊ. बालगंधर्वांनी गायिलेल्या ‘मानापमाना’तील पदांच्या तबकड्या पुष्कळ रसिकांनी जिवापाड जपल्या आहेत. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. काकासाहेब खाडिलकर १९४८ मध्ये वारले आणि या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. म्हणजे गायन, शब्द आणि चाल, तिन्ही अंगांनी ती जुनी तबकडी आज मोकळी आहे. नागपूरच्या रसिकाने ती इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा थेट लंडनच्या मराठी माणसास पाठवली, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु त्याच पदाचे २००० सालातील एखाद्या गायकाने केलेले ध्वनिमुद्रण मोकळे नाही. शब्द तेच, चाल तीच, फाइलीचे नावही बहुधा तेच! हा भेद ओळखण्यासाठी तबकडी, तारीख आणि कायदा तिन्ही समोर ठेवून विचार करणारा माणूस लागतो. नावे आणि क्रमांक जुळवीत जाणाऱ्या यंत्राच्या एका खुणेवरून त्या रसिकाचा वेग उतरवला गेला, तर त्याने कोणत्या लवादापुढे जाऊन खाडिलकरांच्या मृत्यूची तारीख सिद्ध करायची?

कॉमकास्टच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, तेवढे सांगतो. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीला दोषी धरले. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कंपनीचे वागणे योग्य होते म्हणून नव्हे, तर आयोगाला तसा अधिकारच नव्हता म्हणून. तत्पूर्वी, २००९ च्या डिसेंबरात, ग्राहकांच्या वतीने चाललेल्या दाव्यात कंपनीने तडजोड केली. चूक मात्र तिने कबूल केली नाही. भरपाई ठरली ती प्रत्येक ग्राहकामागे जास्तीत जास्त १६ डॉलर.